पळसाच्या पानांची रंभाबाई

बपेरा गावातला पूर ओसरला तसा लोकांचा धीरही ओसरला. भैय्याजींनी ठरवूनच टाकलं, आपली बायको रंभाबाई पुरात गेली. प्रेत नाही तर नाही, पळसाच्या पानांचा पुतळा करायचा आणि उद्या नदीकाठी अग्नी द्यायचा.

"रेणू, मोबाइलातल्या बेपत्तांच्या यादीतलं सासूचं नाव काढून टाक," ते म्हणाले. "लोकं हासून राहिले."

"हासू द्या, मामाजी. मी नाही काढत."

रेणू सून होती, कुणाची मिंधी नव्हती. पुरानंतर तिनं आणि नागपूर-पुण्याच्या अनोळखी पोरापोरींनी मिळून एक वेबसाइट उभी केली होती. बेपत्ता माणसाचं नाव टाकायचं आणि छावण्यांमधून आलेल्या नावांशी जुळतं का ते पाहायचं. परक्यांची माणसं सापडत होती, घरची तेवढी सापडेना. आणि तिचा नवरा अमर, पोटचा पोरगा, बापापुढं मुकाट्यानं पानं टाचत बसलेला! रेणूच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती पुन्हा शोधायला बसली. नदीपलीकडच्या, मध्य प्रदेशातल्या छावण्यांची नावं नुकतीच आली होती. सासूचं माहेर तिकडचंच. पण रंभा एकही नव्हती. आणि असेल तरी कशी? माहेरी तिला रंभा म्हणणार कोण? स्वतःच्या लग्नात नाव बदलायला आणलेलं तांदळाचं ताट रेणूनं सरकवून दिलं होतं. म्हणूनच बाईला दोन नावं असू शकतात हे ध्यानात न येऊन वेबसाइटवर नावाचा रकाना तिनं एकच ठेवला होता. चूक तिचीच होती.

"मामाजी, आईचं माहेरचं नाव काय?"

"कायले पाहिजे? तांदळात अंगठीनं मीच रंभा लिवलं. जुनं नाव तवाच सरलं."

"तुमच्यासाठी सरलं असन. सांगा!"

अमरचे हात थांबले. "सांगा ना, बाबा," तो म्हणाला.

"चंद्रभागा," भैय्याजी पुटपुटले.

रेणूनं नाव टाकलं, आणि सासू सापडली! पुरानं वाहून नेलेली ती पलीकडच्या शाळेतल्या छावणीत होती. फोन पुरात गेलेला, नंबर एकही पाठ नाही. ती शुद्धीवर नसताना माहेरच्या बालमैत्रिणीनं ओळखून जे नाव सांगितलं, तेच लिहिलं गेलं होतं. तिथल्या स्वयंसेवकानं फोन जोडून दिला. रेणू रडली, हसली, आणि उद्याची सगळी तयारीही सासूला सांगून मोकळी झाली.

भैय्याजींनी फोन हिसकावला. "रंभा?"

"रंभाले तर तुमी उद्या जाळून राहिले ना? जाळा. मले माह्या नावानं हाक मारा, मंग बोलीन."

दारात निम्मं गाव जमलं होतं. भैय्याजींनी हातातली पानं खाली ठेवली.

"चंद्रभागा."

"आयकू नाही आलं," पलीकडून आवाज आला. "मोठ्यानं."