शनिवार मावळेपर्यंत

रुस्दी मोकोगिंता सरांचं कुणी ऐकलं असतं, तर ही ड्यूटी त्यांनी गळ्यात पडू दिली नसती. ऐन रमजान, संख्याशास्त्राचा पेपर बाकी सगळ्या वर्गाने सकाळीच देऊन टाकलेला, आणि सर मात्र एका मुलीपायी तिसऱ्या मजल्यावर दिवसभर अडकलेले. मेइस्के रोंदोनुवू अ‍ॅडव्हेंटिस्ट होती. त्या ख्रिस्ती पंथात शनिवार देवाचा; तिचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, शुक्रवारी सूर्य मावळला की लागायचा आणि शनिवारी मावळला की सुटायचा. मधे अभ्यास नाही, परीक्षा नाही. म्हणून मानाडोच्या विद्यापीठाने तोडगा काढला: प्रश्न कानावर पडू नयेत म्हणून तिला सकाळपासून वेगळं बसवायचं आणि सूर्य मावळला की तोच पेपर हातात द्यायचा. फोन आणि घड्याळं दोघांचीही ऑफिसात जमा. भिंतीवरचं घड्याळ कधीचं बंद पडलेलं, सरकारी इमारतीला शोभेल असं.

"यंदा पहिल्यांदाच परवानगी देतोय," डीनबाईंनी बजावलं होतं. "जरा जरी संशय आला तर हिचा पेपर रद्द, आणि पुढच्या वर्षीपासून ही सवलत कुणालाच नाही."

देवाच्या नावाने सवलत मागणारे निम्मे तरी लबाड असतात, असं सरांचं जुनं मत. त्यांनी तिची पिशवी तपासली, बायबलचं पानन् पान उलटून पाहिलं. काही सापडलं नाही. मुलगी वाचत होती, गुणगुणत होती, खिडकीबाहेर बघत होती. संध्याकाळी पेपर आहे आणि चेहऱ्यावर काळजीचा मागमूस नाही, याचंच सरांना जास्त खटकलं.

दुपारनंतर आभाळ भरून आलं.

"नोनी, पावसात लाइट जाणार बघ," तिथल्या रीतीप्रमाणे पोरीला 'नोनी' अशी हाक मारत सर म्हणाले. "आठला इमारतीला कुलूप लागतं. आत्ताच घे पेपर. इथे कोण आहे बघायला?"

हे आपण कीव येऊन म्हटलं की तिला जोखायला, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"मग सर, तुम्हीही रोजा सोडून खजूर आत्ताच खाऊन टाका की," ती म्हणाली. "इथे कोण आहे बघायला?"

सरांना कोरड्या घशानेही हसू आलं.

पाऊस कोसळला, लाइट गेली. वर्गात इतका अंधार झाला की दुपार की संध्याकाळ, काही कळेना.

"सूर्य दिसत नसला की घरी आम्ही तुमच्या बांगेवरच विसंबून असतो," मेइस्के म्हणाली. "बांग झाली की आई म्हणते, सुटला शब्बाथ."

दोघं बांगेची वाट बघत बसली. बांग येईना. बऱ्याच वेळाने सरांच्या डोक्यात प्रकाश पडला: लाइट नाही, तर मशिदीचा भोंगा कुठून बोलणार? ते धावत गॅलरीत गेले. समुद्राकडे ढगांना एक फट पडली होती आणि त्या फटीत, मानाडो तुआ बेटाच्या कडेला, सूर्याची शेवटची लाल कोर पाण्यात उतरत होती. एवढ्या मोठ्या आभाळात तेवढीच जागा उघडी. सर थक्क होऊन बघत राहिले. आपण दोघंही दिवसभर याचीच वाट बघत होतो, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

"मावळला, नोनी!"

मग त्यांनी कानांवर हात ठेवले आणि लहानपणी गावात द्यायचे तशी स्वतःच बांग दिली. आवाज दोनदा चिरकला. मेइस्के दारात मान खाली घालून उभी होती. बांग संपल्यावर तिने डोळे मिटून आपली प्रार्थना म्हटली आणि पेपरासाठी हात पुढे केला.

सरांनी टेबलाच्या खणातली मेणबत्ती लावली, पेपर तिच्या हातात दिला आणि पाण्याबरोबर खजूर खाल्ला. आता मगरिबची, सूर्यास्तानंतरची नमाज. खोली सोडता येत नव्हती, आणि मक्केच्या दिशेचा किब्ला नेमका फळ्याकडे, म्हणजे मुलीकडे पाठ. त्यांनी चटई अंथरली. कपाळ जमिनीला टेकवून सजद्यात असतानाही कागदाची सळसळ ऐकू येते का म्हणून कान टवकारले गेले, आणि स्वतःचीच लाज वाटली.

नमाज संपवताना त्यांनी मान उजवीकडे वळवली, मग डावीकडे. मेइस्के हाताची घडी घालून बसली होती. पेपर पालथा, पेन बाजूला.

"लिहीत का नाहीस? वेळ जातोय!"

"तुमची पाठ होती ना, सर. उद्या कुणी विचारलं तर तुम्हाला खात्रीने सांगता यायला हवं."

सरांनी चटई गुंडाळली.

ती भराभर लिहू लागली. शेवटचा प्रश्न अर्धा राहिला होता, तेवढ्यात सगळे ज्यांना ओम, म्हणजे काका, म्हणत ते रखवालदार फ्रेत्स किल्ल्या खुळखुळवत आले. "आठ वाजले, सर. कुलूप लावायचंय."

मेइस्केने निमूट पेन ठेवलं.

"किल्ली इथे ठेवून जा, ओम," सर म्हणाले. "माझ्या नमाजेत हिचा वेळ गेलाय. तेवढा भरून द्यायचाय."

"आणि डीनबाई?"

"त्यांना मी सांगतो. अगदी खात्रीने."

त्यांनी मेणबत्ती तिच्या कागदाजवळ सरकवली, खुर्ची ओढून बरोबर तिच्या समोर बसले आणि डोळे तिच्यावर रोखले.

"लिही, नोनी. मी बघतोय."