कपाळावरची चिठ्ठी

मित्रांनो, मी नांदेडच्या एका प्रयोगशाळेतला म्हातारा रंगमापी आहे, आणि मी डूख धरतो. आधीच सांगितलेलं बरं!

पाण्यात क्रोमियम हा विषारी धातू उतरला असेल, तर औषध घातल्यावर ते जांभळं होतं. कधीकधी रंग इतका फिका, की माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. मला दिसतो. नळीतून प्रकाश सोडून मी आकडा सांगतो. फक्त आधी शुद्ध पाणी दाखवून ‘हे शून्य’ असं मला सांगावं लागतं. सांगाल ते मी मानतो.

नायगावकडच्या तुळजाबाई बोअरचं पाणी घेऊन आल्या. शेजारी लोखंडाला क्रोमियमचा मुलामा देणारा कारखाना, आणि नातवाच्या अंगावर फोड. आमच्या केमिस्ट भार्गवीताईंनी पाणी मोजलं. मी मर्यादेच्या चौपट आकडा दाखवला. प्रमुख शिवप्रसाद साहेबांचं तोंड उतरलं, कारण कारखानदार त्यांचा साडू, आणि हे अख्ख्या नायगावाला ठाऊक! “यंत्र म्हातारं झालंय, काहीही बरळतं,” म्हणत त्यांनी माझ्या कपाळावर ‘नादुरुस्त’ अशी चिठ्ठी डकवली आणि मला अडगळीत फेकलं. तुळजाबाईंना ‘पाणी चांगलं आहे’ सांगून परत धाडलं. मी उंदरांच्या संगतीत धुमसत राहिलो.

उन्हाळ्यात माझ्या जागी आणलेल्या नव्या यंत्राचा दिवा गेला. नेमक्या तेव्हाच तुळजाबाई पुन्हा आल्या. “पोराचे फोड वाढलेत. माझ्या डोळ्यांदेखत मोजा, त्याबिगर मी हलत न्हाई!”

नाइलाजाने मला बाहेर काढलं. साहेबांनी भार्गवीताईंना बाजूला सारलं, औषध घातलेलं बाईंचंच पाणी मला दाखवलं आणि ‘हे शून्य’ म्हणून बटण दाबलं. मग तेच पाणी मोजलं. अर्थातच शून्य.

“बघा! बिनघोर प्या.”

“अन् तुमचं ते बाटलीतलं शुद्ध पानी? ते बी घाला की,” बाई म्हणाल्या.

साहेब जोरात होते. घातलं. मित्रांनो, मी याचीच वाट पाहत होतो! आकड्याआधी मी ठसठशीत वजा काढला.

भार्गवीताई म्हणाल्या, “शुद्ध पाणी शून्याच्या खाली गेलं. म्हणजे शून्य म्हणून घातलेलं पाणीच दूषित होतं. सर, कोणतं घातलं?”

“यंत्र नादुरुस्त आहे!”

“आत्ताच प्या म्हनलात की! तवा दुरुस्त व्हतं व्हय?” बाई कडाडल्या.

ताईंनी शुद्ध पाण्याने शून्य लावून बाईंचं पाणी पुन्हा मोजलं. चौपटच! एक दशांशही मी सोडला नाही. ताईंनी अहवालावर तिथेच सही केली. “नातवाला आता यातला थेंब न्हाई,” बाई म्हणाल्या, “अन् तुमच्या साडूला बी सोडत न्हाई.”

मित्रांनो, यंत्रांना पुसा, झाका, जपा. पण आम्हाला खोटं शून्य सांगू नका. आम्ही मुकाट्याने मानतो आणि पुढच्या आकड्यात उट्टं काढतो.

जाताना तुळजाबाईंनी माझ्या कपाळावरची चिठ्ठी सोलली आणि ओली करून साहेबांच्या खिशावर थापली. साहेब नखाने खरवडत राहिले, पण ती निघेना. डिंक त्यांनीच भरपूर लावला होता.