अंगी लागलेलं वजन

रुग्णालयाच्या चौकशी समितीचा निष्कर्ष असा: ‘निदानास कोणताही विलंब झालेला नाही. मातेच्या तक्रारींना कौटुंबिक असूयेची पार्श्वभूमी असल्याने त्यांना वैद्यकीय महत्त्व देणे शक्य नव्हते.’

यातला असूयेचा भाग खरा आहे, आणि तेवढाच खरा आहे. मला नणंदेचा हेवा वाटत होता. माझ्या लेकीला अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण हवे होते, पण तिच्या रक्तात माझ्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडे निघाली. जिला पोटात वाढवले, तिच्या शरीराने मला दारातूनच परत पाठवले. नवऱ्याचे हृदय अधू. म्हणून मूळपेशी दिल्या त्याच्या थोरल्या बहिणीने, आणि तेव्हापासून ती वॉर्डात अशी वावरू लागली, जणू मुलीला जन्म तिनेच दिला होता आणि मी फार तर सुईण होते.

काचेच्या त्या खोलीत एका वेळी एकाच नातेवाइकाला प्रवेश असे. सकाळी वजन होई तेव्हा आत्या आत, मी बाहेर. तोंडभर फोड आल्यामुळे घोटभर पाणीही न गिळणारी मुलगी एके सकाळी जड भरली. आत्या दार किलकिले करून म्हणाली, “बघ वहिनी, माझ्या पेशी अंगी लागल्या हिच्या!”

“पोटात अन्नाचा कण नाही, ताई. वजन वाढतंय कशानं?”

“तुला ना, चांगलं काही बघवतच नाही.”

बघवत नव्हते हे मान्य. म्हणूनच तर मी बघत होते. मायेचे डोळे भरून येतात. हेव्याचे कोरडे राहतात आणि त्यांना स्वच्छ दिसते. मोज्यांच्या कडा घोट्यांत रुतत होत्या. प्लेटलेटच्या पिशव्यांमागून पिशव्या चढत होत्या, आकडा जागचा हलत नव्हता. लेक उजव्या कुशीवर वळेनाशी झाली होती.

हे सारे मी डॉक्टरांना सांगितले. ते प्रसन्न हसले. “बाई, नणंद-भावजयीचं भांडण मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही.”

“यकृत बघायचं तरी आहे ना?”

शेजारच्या सिस्टरला अचानक खोकला आला. डॉक्टरांनी आत जाऊन मुलीलाच विचारले, “कुठं दुखतंय का गं?” तिने आत्याकडे पाहिले आणि नकारार्थी मान हलवली. या नकाराच्या आधारावर डॉक्टर निश्चिंत झाले, आणि पुढे समितीने आपला अहवाल त्याच नकारावर उभा केला.

डोळे पिवळे झाले तेव्हा कुठे सोनोग्राफी झाली. यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या, रक्त उलटे फिरले होते, पोटात पाणी साठत होते. अंगी लागलेले वजन ते हेच. औषध सुरू होईपर्यंत मूत्रपिंडांनी मान टाकली. लेक वाचली, निम्म्या ताकदीच्या मूत्रपिंडांसह. औषध थोडे आधी मिळते तर बहुधा मूत्रपिंडेही वाचली असती, हे त्याच डॉक्टरांनी मला खासगीत सांगितले. समितीसमोर त्यांना ते आठवले नाही.

अहवाल आला त्या संध्याकाळी नणंद आमच्या स्वयंपाकघरात बसली होती. मी तिला तो वाचून दाखवला आणि वर आणखी एक गोष्ट सांगितली: दोष तिच्या पेशींचा नव्हताच. प्रत्यारोपणाआधीच्या जहाल औषधांनी त्या वाहिन्यांचे अस्तर सोलवटले होते. पेशी कुणाच्याही असत्या तरी हेच घडू शकले असते. हे मी तिच्या सांत्वनासाठी सांगितले नाही. तिच्या पेशींना दोषाचाही मान मिळू नये, एवढाच माझा हेतू होता.

त्यावर ती जे बोलली ते शब्दशः असे:

“डोळे पिवळे व्हायच्या कितीतरी आधी म्हणाली होती गं ती मला, आत्या, इथं बरगडीखाली दुखतंय. मीच म्हटलं, कुण्णाला सांगू नकोस, नाहीतर आई म्हणेल आत्याच्या पेशी वाईट निघाल्या. ते पोर माझी अब्रू सांभाळत बसलं, वहिनी.”