दुपारी दोनची वाफ

साईची वाफ दुपारी दोनला असायची आणि वीजही नेमकी त्याच सुमाराला जायची.

कर्वेनगरातल्या त्या गल्लीत समोरच्या इमारतीत नवे क्लासेस निघाले होते. दोनची बॅच बसली की तिथले सगळे एसी एकदम सुरू व्हायचे, कोपऱ्यावरच्या डीपीचा, म्हणजे गल्लीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज उडायचा आणि दोन वर्षांच्या साईच्या तोंडावरचा नेब्युलायझरचा मास्क गप्प व्हायचा. त्याची छाती मात्र घरघरत राहायची. साईच्या बाबानं, अभयनं, बॅटरीवरचं छोटं यंत्र आणलं होतं, पण साईच्या आधी त्या यंत्रालाच दम लागायचा. इन्व्हर्टरचं म्हणाल, तर घरमालक भिंतीला खिळासुद्धा ठोकू देत नव्हते.

साईची आई प्रियदर्शनी, तिच्या हाती होती ती फक्त वही. साई जन्मल्यापासून ती लिहीत आली होती. दूध किती, झोप किती, शी कशी, ताप किती, मिनिटाला श्वास किती. हडपसरच्या ऑफिसला निघताना अभय चिडवायचा, "अगं, त्यानं जांभई दिली ते लिहिलंस का?" लिहिलेलं असायचं. एप्रिलपासून त्याच वहीत भर पडली: 'वीज गेली २.१०, आली ३.४०.'

वीज कंपनीच्या नंबरवर तक्रार करून करून ती थकली, तेव्हा एक दिवस तिला जिन्यातच रडू आलं. तळमजल्यावरच्या शालनकाकूंनी दार उघडलं. काकू कोर्टात टायपिस्ट होत्या, आता निवृत्त.

"रडून फ्यूज बसतो का? किती वेळा गेली या महिन्यात?"

"चौदा."

"कशावरून?"

तिनं वही पुढे केली. काकूंनी चार पानं उलटली, 'शी पातळ'वर भुवया उंचावल्या आणि पुढं वाचत राहिल्या. "बाई गं, हा तर पुरावा आहे."

मग काकूंनी तिला खुर्चीत बसवून समजावलं. वीज कंपनी आपल्या मर्जीची राणी नाही. तिच्या डोक्यावर नियामक आयोग आहे. विजेचा दर काय, गेलेली वीज किती वेळात परत यायला हवी, हे आयोग ठरवून देतो. कंपनीनं ते पाळलं नाही, तर तक्रार निवारण मंच आहे. तिथं वकील लागत नाही, ओळख लागत नाही.

"तुम्हाला हे सगळं पाठ कसं हो?"

"वीज गेली की लोक मेणबत्ती शोधतात. मी कलम शोधते."

मंचाकडे अर्ज गेला. महिन्याभरानं कंपनीचं लेखी उत्तर आलं: एप्रिल व मे महिन्यांत सदर फीडरवर पुरवठा एकूण तीन वेळा खंडित झाला. प्रियदर्शनीच्या वहीत एकतीस नोंदी होत्या.

"तीनच," काकू म्हणाल्या. "उरलेल्या वेळी आपण दोघींनी डोळे मिटून घेतले असणार."

सुनावणीला साईला घेऊनच जावं लागलं; काकूही सोबत होत्या. खोली लहान होती. टेबलामागं तीन सदस्य, मधे पांढऱ्या केसांच्या अध्यक्षबाई. कंपनीतर्फे इम्तियाज शेख नावाचे तरुण अभियंते, मांडीवर जाडजूड रजिस्टर घेऊन. प्रियदर्शनीला वाटलं, आता हे इंग्रजीत काहीतरी झाडतील आणि आपण घरी.

अध्यक्षबाईंनी आधी तिला पाणी दिलं. मग अभियंत्यांना विचारलं, "हे तीन आकडे तुम्ही मोजता कुठं?"

"सबस्टेशनला, मॅडम. फीडर, म्हणजे तिथून निघणारी मुख्य लाइन, बंद पडला की आपोआप नोंद होते."

"आणि गल्लीतल्या डीपीचा फ्यूज उडाला तर?"

"तर फीडर चालूच असतो, मॅडम."

"म्हणजे यांच्या घरात अंधार आणि तुमच्या कागदावर उजेड."

"हो, मॅडम." त्यांनी मान खाली घातली नाही. उलट रजिस्टर टेबलावर ठेवलं. "ही वायरमनची फ्यूज बदलल्याची नोंदवही. उत्तराला जोडायला हवी होती. मी आणली आहे."

शेजारचा कंपनीचा कारकून त्यांच्याकडं डोळे वटारून बघत राहिला. अध्यक्षबाई म्हणाल्या, "चला, जुळवू या. तुम्ही वाचा, ताई त्यांच्या वहीत बघतील."

"तीन एप्रिल, दोन पंचवीसला तक्रार."

"दोन दहाला गेली," प्रियदर्शनी म्हणाली. आवाज थरथरत होता.

"सात एप्रिल, दोन पस्तीस."

"दोन वीस."

असं चालू झालं. एक जाड रजिस्टर, एक दुधाचे डाग पडलेली वही, आणि दोन्हींतून एकच गोष्ट बाहेर येत होती. पाचव्या-सहाव्या तारखेपासून तिचा आवाज थरथरायचा थांबला.

"एकोणीस मे, दोन पन्नास."

तिनं पान उलटलं. कोरं होतं.

"नाही का नोंद?" कारकून पटकन म्हणाला. "बघा मॅडम, हे असं—"

"त्या दिवशी मी घरी नव्हते," प्रियदर्शनी म्हणाली. "अठराला तीन तास वीज नव्हती, वाफ देता आली नाही. एकोणीसला आम्ही दवाखान्यात होतो. ॲडमिट."

साईनं काकूंच्या पर्सची चेन उघडली. इम्तियाजनी रजिस्टर मिटलं. "मॅडम, तो डीपी या लोडसाठी नाहीच. मोठा बसवायला हवा. कार्यालयात मी तसं कळवलं होतं."

"आता आम्ही कळवतो," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि लिहून घ्यायला सांगितलं: पंधरा दिवसांत मोठा डीपी, त्यावर नोंद करणारा मीटर, आणि त्याचा मासिक तक्ता तक्रारदाराच्या घरी.

बाहेर आल्यावर प्रियदर्शनी पायरीवरच थांबली. दिल्ली-मुंबईत कुणीतरी कधीतरी बसून कायदा लिहिला, त्याखाली नियम लिहिले, आणि ते नियम उतरत उतरत या टेबलापर्यंत आले, जिथं साईच्या शीच्या नोंदींची वहीसुद्धा कुणी न हसता पुरावा म्हणून घेतली. तिला त्या न पाहिलेल्या माणसांना नमस्कार करावासा वाटला.

"हे सगळं कुणी सुचवलं असेल हो, काकू?"

"कुणीतरी काळजीखोर असणार," काकू म्हणाल्या. "तुझ्यासारखं. रिक्षा बघ."

डीपी तेराव्या दिवशी बसला. इम्तियाज स्वतः उन्हात उभे होते.

पुढच्या महिन्यात तक्ता आला. एकच ओळ: बावीस तारीख, २.३८ ते २.४४. तिनं घाईघाईनं वही काढली. 'वाफ झाली. वीज गेली २.४०, आली २.४६.'

प्रियदर्शनीनं दोन्ही कागद शेजारी ठेवले, पुन्हा पाहिले. मग स्टूल ओढलं, भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि काटा दोन मिनिटं मागं केला.