दौलतचं मत

दुबईतल्या देऱ्यात, मासळीबाजाराच्या मागे, आठ जणांच्या एका खोलीत, दौलत शिर्के अमेरिकेचे अध्यक्ष निवडायचा. तसा तो एका बांधकाम कंपनीत टाइमकीपर होता. साइटवर कोण आलं, कोण नाही, याची हजेरी लावायची हे त्याचं काम. इंजिनिअरच्या केबिनमधली शिळी इंग्रजी वर्तमानपत्रं तो खोलीवर आणायचा आणि जेवणं होईपर्यंत सगळ्यांना अर्थ सांगायचा. दोन हजार सालची निवडणूक जवळ आली तशी त्याला यंदाच्या एकट्या उमेदवाराला, गोरला, निवडून देणं पुरेनासं झालं. मागच्या निवडणुकांवर आपण उगाच अन्याय केला, असं वाटून त्याने तिकडे मोर्चा वळवला.

चौसष्ट साली तो दुसरीत होता आणि शाळेत अमेरिकन पावडरचं दूध मिळे, म्हणून जॉन्सनला मत. बहात्तरला निक्सनला साफ नकार, कारण आदल्या वर्षीच्या युद्धात त्याने आपल्यावर आरमार धाडलं होतं. शहात्तरला कार्टर. तो भुईमूग पिकवायचा आणि शेती करणारा माणूस लबाड नसतो, असं दौलतचं म्हणणं. बांध सरकवणाऱ्या आपल्या शेतकरी चुलत्याची त्याला त्या वेळी आठवण झाली नाही. रेगनपाशी तो तीन दिवस अडून बसला, कारण नटाला मत द्यावं की नाही हे ठरेना. शेवटी ऐंशीला दिलं आणि चौऱ्याऐंशीला काढून घेतलं. ब्याण्णवला थोरला बुश. कुवेतची लढाई संपल्यावर आखातात कामं निघाली, त्यात दौलतला व्हिसा मिळाला होता, म्हणून खाल्ल्या मिठाला जागणं आलं.

खोलीत त्याला मान होता. कुणी काहीही वाचलं की जहूर विचारायचा, "दौलतभाई, तुमचं मत काय?" जहूर त्याच्याच गावचा, रत्नागिरीकडचा, त्याच कंपनीच्या गोदामात फोरमन. दौलतकडे मतं भरपूर होती. शिक्का मारून पेटीत टाकायचं मत मात्र त्याने नऊ वर्षांत एकदाही टाकलं नव्हतं.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी त्याने नेहमीप्रमाणे गावी फोन लावला. फोन जहूरच्या घरी होता. दर शुक्रवारी दौलतची बायको नर्मदा तिथे येऊन बसे आणि जहूरची बायको अन्वरी तिला चहा देई.

"अहो, मी पंचायतीला उभी राहिल्येय," नर्मदा म्हणाली. "आपल्या वॉर्डात बाईची जागा आहे. समोर मुक्ताबाई. निवडून आले तर वाडीत नळ आणीन. बारा नोव्हेंबरला मतदान आहे, तुम्ही या."

दौलतला आधी हसू आलं, मग अभिमान वाटला, आणि मग आठवलं की सात तारखेला अमेरिकेत मतदान आहे. निकाल समजावून सांगायला खोलीत कोण राहणार?

"या सीझनला ऑफिस रजा देत नाही गं," तो म्हणाला. "ट्राय करतो, इन्शाल्ला. आणि एका मताने काय होतं?"

"विचारून तरी बघा. लोक मला हसतात हो. तुम्ही शेजारी उभे असलात तर हसणार नाहीत."

रजेचे कोरे अर्ज दौलतच्याच टेबलाच्या खणात असत. येईल त्याला तो काढून द्यायचा. स्वतःसाठी त्याने खण उघडलाच नाही. उंटावरून शेळ्या हाकायची सवय लागली की खाली उतरायचा कंटाळा येतो.

सात तारीख आली आणि गेली. अमेरिकेचा निकाल काही लागेना. फ्लोरिडात फेरमोजणी सुरू झाली आणि दौलतचे दिवस पालटले. शेजारच्या खोल्यांतली माणसंही ऐकायला येऊ लागली. "अरे, करोडो लोकांनी वोट दिला आणि अडलंय कुठे? चार-पाचशे मतांवर!" तो खाटेवर उभा राहून सांगे. "एकेका मताची किंमत बघा! आणि तिकडचे आळशी लोक घरी बसले. लाज नाही यांना?"

गावचं मतदान झाल्यानंतरच्या शुक्रवारी जहूरचा आधी फोन झाला. तो बूथमधून बाहेर आला तेव्हा त्याने दौलतकडे नीट पाहिलं नाही. "बोला तुम्ही. वहिनी आल्यात," एवढंच म्हणाला.

"तुमच्या अमेरिकेचं काय झालं?" नर्मदेने विचारलं.

"अजून मोजतायत. तुझं?"

"आमचं झालं मोजून. दोनदा मोजलं. मला एकशे सव्वीस, मुक्ताबाईला एकशे सव्वीस."

दौलतने विचारलं, "मग?"

"मग ईश्वरचिठ्ठी. डब्यात दोन चिठ्ठ्या टाकल्या, एक काढली. मुक्ताबाईची निघाली."

बूथबाहेर रांग होती. दौलतने रांगेकडे पाठ केली.

"रजाच मिळाली नाही गं. नाहीतर मी..."

"अन्वरीने जहूरभावजींना विचारलं. तुम्ही अर्जच केला नव्हता." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर दौलतला बरं वाटलं असतं. "मी मात्र सगळ्यांना सांगत होते, ऑफिसवाले सोडत नाहीत म्हणून."

"नर्मदा, शपथेवर सांगतो, मी तिथे असतो तर तुलाच मत दिलं असतं."

"'दिलं असतं' असली मतं टाकायची पेटी आमच्या शाळेत नव्हती ठेवली," नर्मदा म्हणाली. "फोन ठेवते. पाणी आणायचंय."

परत येताना जहूर चार पावलं पुढेच चालत राहिला. खोलीत आठ-दहा जण आधीच येऊन बसले होते. टीव्हीवर एक म्हातारा अमेरिकन माणूस मतपत्रिका उजेडासमोर धरून डोळे बारीक करून पाहत होता. सगळ्यांनी सरकून दौलतला खाटेवर जागा करून दिली.

"यल्ला, दौलतभाई, या!" कुणीतरी म्हणालं. "आता काय होणार? तुमचं मत काय?"

दौलत दारातच उभा राहिला.

"मला मत नाही," तो म्हणाला. "मी गैरहजर होतो."