खाट हलेपर्यंतची धून

"अरे, खाट हाये का पहाड? काल एका दमात उचलली, आज काऊन नाही उठून राहिली?"

ओमेश्वरी पेटीवरून ओरडली. ओरडणार नाही तर काय! धून संपली होती, उजेड आला होता आणि धनेंद्र दोन पोरांसोबत स्टेजच्या मधोमध खाट धरून खुशाल हसत उभा होता. समोर रिकाम्या खुर्च्या होत्या म्हणून बरं.

कोहमाऱ्याच्या कॉलेजात गॅदरिंगचं नाटक बसत होतं. दोन प्रवेशांच्या मधे अंधार व्हायचा, धनेंद्रची पोरं सामान हलवायची, तेवढ्या वेळात ओमेश्वरीनं पेटी आणि प्रफुलनं तबला वाजवायचा. मामला एवढासाच, पण त्यानं तिच्या नाकी नऊ आणले होते. कधी खाट चटकन जागेवर जाई आणि धून अर्धीच लटके. कधी धून सरे आणि धनेंद्र अजून खाटेच्या चौकटीत पाय अडकवून बसलेला. शेवटी ती अंधारात पोरांच्या पावलांकडे कान लावून वाजवू लागली. खाट घसटत असेल तर धून लांबवायची, पावलं विंगेत गेली की मिटवायची. त्यात हायवेवरून एखादा ट्रक हॉर्न ठोकत गेला की झालं, सगळं मुसळ केरात!

"एकदा तरी ठरवून करा ना रे," ती म्हणे.

"तू वाजवत राह्य ना," धनेंद्र म्हणे. "आमचं झालं का थांबव. पेटीच त हाये."

पेटीच त हाये! तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

नाटक बसवणाऱ्या कापगते सरांना पहिल्यापासून सीडी हवी होती. पेटी-तबला आला की नाटकाची मंडई, म्हणजे गावजत्रा होते, असं त्यांचं म्हणणं. ओमेश्वरी हट्टाला पेटली होती. "सर, कोनी वाजवून राहिलं हे पब्लिकच्या ध्यानातबी नाही येनार." मग सरांनी सांगितलं, गॅदरिंगला जमलं तर नागपूरच्या युवा महोत्सवात तुम्ही दोघं वाजवा, नाही तर सीडी. भजनापलीकडे तिला पेटीवर आजवर कुणी बसवलंच नव्हतं. नागपूर तिला हवंच होतं.

गॅदरिंगच्या दिवशी पहिले दोन अंधार झकास गेले. तिसरा खरा अवघड. चंदा आईच्या कामात होती. ती खाटेवर मरते, अंधार होतो, खाट जाते, आणि उजेडात मुलगा रिकाम्या घरात पाऊल टाकतो. एक शब्द नाही. इथे ओमेश्वरीनं तबला बंद ठेवला होता. नुसती पेटी, तीही अगदी हळू.

तिनं वाजवलं. हॉलमधे कुणी खोकलंसुद्धा नाही. आणि देवाची करणी बघा, पोरांनी खाट चोख उचलली. पावलं विंगेत गेली, तिनं शेवटचा सूर सोडला, उजेड आला, मुलाच्या कामातला उमेंद्र दारात उभा. जमलं होतं!

"वन्स मोर!"

मागून आवाज आला. तिनं ओळखला. तिचे बाबाच, जियालाल! मग शिट्ट्या, टाळ्या, सगळा हॉल "वन्स मोर, वन्स मोर!"

"वाजव," प्रफुल म्हणाला.

"नाही."

"पब्लिक मांगून राहिलं! पागल हाये का?" दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईत प्रफुल नाटकांना तबला वाजवायचा. तिथे वन्स मोर म्हणजे हुकूम, तो मोडायची कुणाची छाती नाही. त्याचा हात तबल्यावर पडलासुद्धा.

तो एकटाच काय, सगळेच त्याच मातीतले! उमेंद्रनं पब्लिकला हात जोडले आणि उलट्या पावली विंगेत गेला. धनेंद्रनं खाट परत आणून मांडली. आणि मेलेली चंदा, भर उजेडात, पदर सावरत आली आणि पुन्हा खाटेवर आडवी झाली. हॉल हसून लोळला. ओमेश्वरीला रडू कोसळायचं बाकी होतं, तरी पोरं आता तिच्याकडेच बघत होती, म्हणून तिनं दात-ओठ खात पुन्हा वाजवलं.

"माया पोरीले वन्स मोर भेटला!" बाबा बाहेर भेटेल त्याला सांगत होते. त्यांना काय म्हणणार, कपाळ!

सर रागावलेसुद्धा नाहीत. "धून मात्र चांगली आहे," म्हणाले. "हीच रेकॉर्ड करू. नागपूरला तू ये, बटण दाबायला."

पुढच्या तालमीला सीडी लागली. पहिल्या खेपेला खाट मधेच राहिली. दुसऱ्या खेपेला पोरं धावली. धनेंद्रनं कोण कुठला पाय धरणार ते ठरवलं, खडूनं जागा आखल्या, तोंडानं आकडे मोजले, आणि संध्याकाळपर्यंत धून संपायला न् पोरं विंगेत शिरायला एकच गाठ पडू लागली.

ओमेश्वरी उठून त्याच्यासमोर उभी राहिली. "मी एवढी बोंबलत होती, तवा काऊन नाही जमलं रे?"

धनेंद्रनं बाहीनं घाम पुसला. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. "तू थांबत होती ना आमच्यासाठी," तो म्हणाला. "हे काई थांबत नाही."

तेवढ्यात सरांनी हात वर केला आणि तिनं जाऊन बटण दाबलं.