डाव्या कोपऱ्याची दीपमाला

हेल्मेट काचेवर दुसऱ्यांदा बसलं तेव्हा माझ्या खिडकीला वरपासून खालपर्यंत तडा गेला आणि मी खुर्चीसकट मागच्या कपाटावर जाऊन आपटलो. काचेपलीकडे पांढऱ्या शर्टातला पस्तिशीचा दणकट माणूस उभा होता. त्याच्यामागे त्याचे चार भाऊबंद.

"भाइर ये! भाइर ये तू! काय बोलला ते परत बोल!"

मी काय बोललो होतो ते आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. एकतीस वर्षं मी या रुग्णालयाच्या कागदपत्रांच्या खिडकीवर बसतो. शनिवार पेठेत जन्मलेल्या माणसाला खिडकीच्या आतली खुर्ची मिळाली की त्याची जीभ आपोआप तिरकी चालते. 'दत्तप्रसादच्या खिडकीवर जायचं म्हणजे छत्री घेऊन जा' असं आमचे लोक म्हणत आणि मला त्याचा अभिमान होता. त्या मंगळवारी अकराच्या सुमाराला हा माणूस आला आणि म्हणाला, "वडलांना न्यायचं हाय. कागद द्या." मी मान वर केली नाही. म्हणालो, "डिस्चार्ज दोननंतर. पाटी लावली आहे, वाचायला पैसे पडत नाहीत. वडिलांना तेवढं थांबायला सांगा, पळून जात नाहीत ते."

त्याचे वडील साडेदहाला गेले होते. वॉर्डातून तशी चिठ्ठीही आली होती. ती माझ्याच टेबलावर, माझ्याच चहाच्या कपाखाली होती.

दीपमाला मुख्य दाराशी होती. ती आमच्याकडे एजन्सीमार्फत आलेली सुरक्षारक्षक. वय चव्वेचाळीस, गणवेशाचा शर्ट दोन मापं मोठा, कारण एजन्सीकडे बायकांचं माप नव्हतं. तिने भांडण बघितलं आणि हातातली काठी भिंतीला टेकवून ठेवली. मला वाटलं, झालं, बाई घाबरली.

ती धावत आली नाही. चालत आली आणि तीही सरळ नाही, चांगला वळसा घालून, म्हणजे येताना ती त्या माणसाला दिसेल. त्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर थांबली. समोरही नाही, जरा कडेला, त्यामुळे बाहेरचं दार त्याला मोकळं दिसत राहिलं. मग कोपरं वाकवून तिने दोन्ही हात छातीच्या खाली आणले, तळवे उघडे. दुसऱ्याच्या कडेवरचं मूल घ्यायला आपण हात पुढे करतो ना, साधारण तसे.

"दादा," ती म्हणाली, "मी दीपमाला. माझ्याशी बोला."

"तू बाजूला हो ताई. तुझ्याशी भांडन न्हाई माझं. त्याला भाइर काढ."

"होते ना बाजूला." आणि ती खरोखर अर्धं पाऊल मागे सरली. हात तसेच. मागच्या चौघांतला एक पुढे यायला लागला तर त्याच्याकडे न बघता तिने फक्त डावा तळवा किंचित त्याच्या दिशेला वळवला. तो थांबला. आवाज तिने वाढवला नव्हता. उलट तो इतका खाली आणला होता की ऐकायचं तर त्या माणसाला ओरडणं थांबवावं लागत होतं.

तिची नजर त्याच्या तोंडावर नव्हती, पायांवर होती. का, ते मला ठाऊक होतं. तिनेच एकदा चहा पिताना सांगितलं होतं. दीपमाला खडकीची. वडील दारूगोळा कारखान्यात, घर क्वार्टर्समध्ये, आणि क्वार्टर्सच्या मैदानावर ही कबड्डी खेळायची. जिल्ह्याकडून सात वर्षं. डावा कोपरा. चढाई करणारी आत आली की तिचा घोटा धरायचं काम डाव्या कोपऱ्याचं. "दीपमालाने धरलेला घोटा घरी जाऊनच सुटतो, असं म्हणायचे साहेब," हे सांगताना ती लाजली होती. "तोंड बघायचंच नाही. तोंड खोटं बोलतं. मागच्या पायाची टाच उचलली की माणूस येणार."

मी तेव्हा म्हणालो होतो, "मग इथे कुणाकुणाचे घोटे धरले?"

त्यावर ती हसली नाही. आठ महिन्यांपूर्वीचं तिने सांगितलं. बायकांच्या वॉर्डाच्या दाराशी एक म्हातारा आला. भेटीची वेळ संपली होती. त्याने तिच्या खांद्यावरून एकदम हात घातला. सवयीने तिने मनगट धरलं. धरल्यावर त्याने ओढलं, ओढल्यावर तो पायरीवर पडला, समोरचा दात तुटला. त्याला दाराच्या काचेतून बायकोला फक्त हात करायचा होता. "धरलं की माणूस आधी ओढतो साहेब, विचार मग करतो. खेळात तेच पाहिजे असतं. इथं नाही." एजन्सीने तिला मेमो दिला, पण त्या म्हाताऱ्याने तक्रार केली नाही, उलट तिलाच म्हणाला, बाई, तुला लागलं का. ती म्हणे तीन रात्री झोपली नाही. त्यानंतर तिने हातांना नवीन शिकवण दिली. रोज संध्याकाळी घरी आरशासमोर उभी राहून. बोट दाखवायचं नाही, कमरेवर हात नाही, पाठीमागे हात नाही. मागे लपवलेला हात समोरच्याला दिसत नाही आणि न दिसणाऱ्या हाताला माणूस सगळ्यात जास्त भितो, असं तिचं म्हणणं. हे सगळं तिला कुणी शिकवलं नव्हतं. एजन्सीने फक्त काठी दिली होती.

"नाव काय वडिलांचं?" तिने त्या माणसाला विचारलं.

तो थबकला. "संभाजी."

"आणि तुमचं?"

"संपत."

"वय किती होतं वडिलांचं, संपतदादा?"

तिने 'होतं' म्हटलं तशी मी कपाटापासून खुर्ची टेबलाशी ओढली. मी कप उचलला. चिठ्ठी वाचली.

"एकोनसत्तर," संपत म्हणाला. "काय नव्हतं झालं वो. नव्या रस्त्यात रान गेलं तवापास्नं नुसतं बसून होते. काल रातच्याला मला म्हनले, सकाळी घरी जाऊ. म्या म्हनलं, जाऊ. आन ह्यो..." त्याचा हात पुन्हा वर गेला. "ह्यो म्हनतो, पळून जात न्हाईत!"

"चुकलंच ते. ऐकलं मी." तिचे हात जरासुद्धा हलले नाहीत. "कुणीही चिडेल. वडिलांना आपण घरी न्यायचं. आधी त्यांचा कागद घ्यायचा, मग दोघं मिळून वर जाऊ. मी येते तुमच्याबरोबर."

मला काचेतून त्याचा पाय दिसत होता. टाच खाली आली. हेल्मेट मांडीशी लोंबायला लागलं. त्याच्या भाऊबंदांपैकी एकाने डोळे पुसले. सगळं मिटलं होतं. मी फक्त गप्प बसायचं होतं, किंवा उठून त्या माणसाची माफी मागायची होती. एवढंच काम होतं आणि ते करायला अक्कल लागत नाही.

पण माझ्यासारख्याची भीती ओसरली की सगळ्यात आधी जीभ परत येते. मी उभा राहिलो, तडकलेल्या काचेला जवळजवळ नाक लावलं आणि त्याच्यावर बोट रोखून ओरडलो, "दीपमालाबाई, गप्पा काय मारताय? या माणसाला बाहेर काढा आधी! पोलिसांना बोलावतो मी!"

टाच उचलली गेली.

ती मी पाहिली, आणि माझ्याआधी तिने पाहिली. तिचे गुडघे वाकले, डावा पाय मागे सरला, नजर त्याच्या घोट्यावर गेली. वीस वर्षांपूर्वीची ती डाव्या कोपऱ्यातली मुलगी एका क्षणापुरती माझ्यासमोर उभी होती. आता ही याला धरणार आणि फरशीवर पाडणार, याची मला खात्री होती. खरं सांगायचं तर तिने पाडावं असं मला वाटत होतं.

ती सरळ झाली. हेल्मेट काचेकडे आलं, काचेमागे माझं तोंड होतं, आणि मध्ये तिचा उजवा हात गेला. मूठ नाही. उघडाच.

आवाज वाळकी काटकी मोडल्यासारखा झाला. काच फुटली नाही.

हेल्मेट खाली पडून गडगडत बाकापर्यंत गेलं. संपत तिच्या हाताकडे बघत होता. दोन बोटं भलत्याच दिशेला गेली होती. "ताई," तो म्हणाला, "म्या तुला न्हाई... तुला न्हाई मारलं म्या..."

"माहीत आहे." तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज तोच. "बसा. खाली बसा आधी."

तो एवढा मोठा माणूस फरशीवर बसला आणि मोठ्याने रडायला लागला. तीही त्याच्याजवळ बसली, उजवा हात पोटाशी धरून, डावा गुडघ्यावर उघडा. मग माझ्याकडे वळली.

"साहेब, त्यांचा कागद द्या ना."

कागद करायला मला चार मिनिटं लागली. नाव, वय, खाट क्रमांक, सही, शिक्का. वॉर्डाच्या चिठ्ठीवर कपाचा गोल डाग पडला होता, त्यातून खाटेचा आकडा नीट वाचता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी एजन्सीचा विश्वजीत आला. तिशीचा मुलगा, कडक इस्त्री. आम्ही अधीक्षकांच्या खोलीत कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं. त्यात आवाज नसतो. आवाज नसला की असं दिसतं: एक माणूस काच फोडतोय आणि रक्षक बाई हात पुढे करून उभी आहे.

"बघा मॅडम," विश्वजीत म्हणाला, "काठी भिंतीला, आणि ही नुसती उभी. सरळ सरळ प्रोटोकॉलचं व्हायलेशन आहे. आधी एक मेमो आहेच हिचा. तेव्हा धरला म्हणून, आता धरला नाही म्हणून. अशी व्यक्ती आम्ही कंटिन्यू करू शकत नाही. सरांचा रिपोर्ट आला की क्लोज करतो."

सर म्हणजे मी. दीपमालाच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू आणि ही एक कमावती, हे मला माहीत होतं. माझ्या निवृत्तीला चौदा महिने राहिले होते, हेही मला फार चांगलं माहीत होतं. अहवाल लिहिण्यात माझा हात धरणारा या इमारतीत कुणी नाही. बसलो आणि एका दमात लिहिलं: 'सदर इसमाने कोणतेही कारण नसताना अचानक...'

'अचानक' या शब्दावर पेन थांबलं. अचानक काही झालं नव्हतं. आधी मी मान वर केली नव्हती, मग बोट वर केलं होतं. मधल्या वेळात एका बाईने पाच माणसांचा संताप नुसत्या तळव्यांनी जमिनीवर आणून ठेवला होता आणि मी तो पुन्हा पेटवला होता. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. कागद फाडला. दुसरा घेतला. जे बोललो ते अक्षरशः लिहिलं, अवतरणचिन्हांत. बोट दाखवल्याचं लिहिलं. तिची काठी भिंतीला होती म्हणूनच तो माणूस बोलायला तयार झाला, हेही लिहिलं.

अधीक्षक मॅडमनी दोनदा वाचलं. "अहो, इतकं लिहायची गरज आहे का?"

"आहे," मी म्हणालो. या एका उत्तरात खोचक शब्द नव्हता, याचं त्यांनाही नवल वाटलं असावं.

मला मेमो मिळाला, एकतीस वर्षांतला पहिला. दीपमालाची नोकरी राहिली. संपतविरुद्ध तक्रार द्यायला तिने साफ नकार दिला.

सात आठवड्यांनी ती परत कामावर आली, प्लास्टर काढून. त्याच आठवड्यात संपत वडिलांच्या कागदाची प्रत न्यायला आला. खिडकीला नवी काच बसली होती. मी मान वर केली, पेन खाली ठेवलं आणि दोन्ही हात टेबलावर त्याला दिसतील असे ठेवले. "संपतराव," मी म्हणालो, "त्या दिवशी मी फार वाईट बोललो. माफ करा." त्याने मान हलवली. प्रत घेतली आणि दाराशी जाऊन उभा राहिला.

"हात बरा हाय का ताई?"

"बरा आहे की. आईंना जपा." ती त्याच्याकडे बघून हसली. तो गेला.

चहाच्या वेळी मी माझा कप घेऊन खिडकीमागून बाहेर आलो आणि तिच्याशेजारी बाकावर बसलो. तिने खिशातून रबरी चेंडू काढला. डॉक्टरांनी दिवसातून शंभर वेळा दाबायला सांगितलं होतं.

"किती झाले आज?" मी विचारलं.

"मोजत नाही मी."

तिने चेंडू उजव्या तळहातावर ठेवला आणि खालचा ओठ दाताखाली धरला. अंगठा वळला, करंगळी थोडी वळली. मधली बोटं जागची हलली नाहीत. चेंडू हातावर नुसता ठेवलेला होता. थोड्या वेळाने दाराशी कुणीतरी मोठ्याने बोलायला लागलं, तेव्हा तिने तो डाव्या हाताने उचलून खिशात टाकला आणि ती उठून तिकडे गेली, वळसा घालून.